दुसरं नाव घ्या

प्राची मॅडमचा पुण्याहून फोन आला तेव्हा प्रबुद्ध रोकडे नारायणगावच्या ऑफिसात बसून वडापाव खात होता. ऑफिस हे आपलं म्हणायला. बी-बियाण्याच्या दुकानावरची एक खोली, एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि दाराबाहेर पाटी: 'स्वरधारा. फोन लावा, गाणं ऐका.' खालच्या दुकानातून औषधांचा वास वर यायचा, त्यामुळे ऑफिसात डास मात्र एकही नव्हता.

"प्रबुद्ध," मॅडम म्हणाल्या, "आपला युजर अकराव्या सेकंदाला फोन ठेवतोय."

प्रबुद्धने घास गिळून विचारलं, कोणता युजर. मॅडम म्हणाल्या, सगळेच.

ही २००९ सालातली गोष्ट. मोबाइलमध्ये गाणी भरून घ्यायची सोय तोवर खेडोपाडी पोचली होती, पण त्याला कार्ड लागायचं, केबल लागायची आणि दुकानदार ओळखीचा लागायचा. स्वरधारा कंपनीचं डोकं याच्या पुढे धावलं होतं. गाणं भरायचंच नाही. एक फुकटचा नंबर फिरवायचा, पाहिजे ते गाणं मागायचं, ते थेट कानात येणार. ऐकायचं आणि सोडून द्यायचं. चाचणीसाठी कंपनीने जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके निवडले, कारण पुण्यातल्या नकाशावर ते जवळ दिसत होते. प्रबुद्ध तालुक्यातल्याच आणे गावचा, कॉम्प्युटर शिकलेला आणि कमी बोलणारा, म्हणून त्याला घेतला. त्याच्या पदाचं नाव 'इंटरफेस सुधारणा अधिकारी' असं होतं. गावात कुणी विचारलं की त्याची आई द्रौपदाबाई सांगायची, पोरगा फोन सुधारतो.

सुधारायला जागा भरपूर होती. नंबर लावला की आत एक बाई बोलायला लागायची. स्वरधारामध्ये आपले सहर्ष स्वागत आहे, भक्तिगीतांसाठी एक दाबा, भावगीतांसाठी दोन दाबा, असं करत करत ती नऊपर्यंत जायची. नऊ येईस्तोवर माणूस एकला काय होतं ते विसरलेला असायचा. बरं, बटण दाबायला फोन कानावरून काढावा तर बाईचं पुढचं बोलणं हुकायचं, आणि कानाला धरावा तर बटण दिसायचं नाही. आण्याच्या एका म्हाताऱ्याने आठ दिवस नुसतं स्वागतच ऐकलं आणि बाईचा आवाज गोड आहे असा निरोप पाठवला.

मॅडमनी त्या दिवशी सरळ सांगून टाकलं. मार्चअखेर दिवसाला पाचशे फोन आले पाहिजेत. आले तर ऑफिस राहील आणि प्रबुद्ध कायम होईल. नाही आले तर पाटी काढून घेऊन पुण्याला पाठवायची, प्रबुद्धने स्वतः यायची गरज नाही.

आता नोकरी गेली तर दुसरी बघता आली असती. पण घोडेगावच्या भालेराव गुरुजींची थोरली मुलगी ज्योत्स्ना दुसरी कुठे बघायची? मंचरला एका लॅबमध्ये ती रक्त तपासायची. प्रबुद्ध एकदा तापाने फणफणून तिथे गेला, तिने दंडाला पट्टा आवळून सुई घातली, आणि ताप उतरला तरी हा पुढचे तीन रविवार रक्त तपासायला जात राहिला. चौथ्या रविवारी तीच म्हणाली की एवढं रक्त वाया घालवण्यापेक्षा घरी येऊन वडिलांशी बोला.

गुरुजी माणूस सरळ, पण एका बाबतीत ऐकायचे नाहीत. ते स्वतः सहा वर्षं हंगामी शिक्षक होते. दर वर्षी कायम झालेल्यांची यादी लागायची आणि दर वर्षी त्यात त्यांचं नाव नसायचं. दर वेळी साहेब सांगायचे, ही यादी वेगळी, तुमची वेगळी आहे, ती येतेय. त्यांनी प्रबुद्धला चहा पाजला, द्रौपदाबाईंची चौकशी केली आणि म्हणाले, "पोरगा मला पसंत आहे. पण नाव आधी कायमच्या यादीत लागू द्या. मग साखरपुडा."

तेव्हा प्रबुद्धने कंबर कसली. बटणं काढूनच टाकली. माणसाने तोंडाने गायकाचं नाव सांगायचं आणि मशीनने ते ओळखून गाणं लावायचं. मशीनला दोनशे अकरा गायकांची नावं कळत होती. मॅडमना कल्पना फार आवडली. फक्त त्यांची एक अट होती, सुरुवातीचं बोलणं पाच सेकंदांच्या आत बसलं पाहिजे.

पुण्याहून आलेलं मूळ वाक्य असं होतं: 'कृपया आपल्या आवडत्या गायकाचे अथवा गायिकेचे नाव स्पष्ट आवाजात उच्चारा.' प्रबुद्ध ते घेऊन तीन दिवस बसला. 'उच्चारा' काढलं, कारण ते कुणी घरात म्हणत नाही. 'स्पष्ट आवाजात' काढलं, कारण आमच्याकडे फोनवर दुसऱ्या आवाजात कुणी बोलतच नाही. 'अथवा गायिकेचे' गेलं, 'आवडत्या' गेलं, 'आपल्या' गेलं, 'कृपया' गेलं. तरी सहा सेकंद होत होते, म्हणून शेवटी 'गायकाचं'सुद्धा गेलं. उरलं ते मॅडमनी स्वतःच्या मऊ आवाजात बोलून दिलं:

"नमस्कार. नाव घ्या."

आणि मशीनला नाव ओळखता आलं नाही तर दुसरं वाक्य: "हे नाव आमच्या यादीत नाही. कृपया दुसरं नाव घ्या."

तिसऱ्यांदाही जमलं नाही तर फोन प्रतिनिधीकडे जाणार होता, फक्त ती जोडणी पुण्याहून अजून व्हायची होती. प्रतिनिधी म्हणजे प्रबुद्धचा मोबाइल. हे सगळं त्याने चाळीस वेळा तपासून पाहिलं. पण ते 'नाव घ्या' ज्यांच्या कानावर पडणार होतं, त्यांच्यापैकी एकीलाही विचारलं नाही. घरात द्रौपदाबाई समोर बसून मटार सोलत होत्या. त्यांना विचारलं असतं तर एका झटक्यात कळलं असतं. पण घरच्या माणसांना युजर म्हणत नाहीत.

निमगाव सावा इथे प्रयागबाईंना त्यांच्या मुलाने, सोपानने, चाकणहून मोबाइल आणून दिला होता. डेअरीच्या भिंतीवर 'फुकट गाणी' असा कागद लागला, त्यावरचा नंबर त्यांनी शेजारच्या साळुबाईकडून पाठ करून घेतला. दुपारी सहा-सात जणी ओट्यावर कांदा निवडत होत्या. प्रयागबाईंनी नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"नमस्कार. नाव घ्या."

निवडायचे कांदे हातातच राहिले. प्रयागबाईंचा हात आपोआप पदराकडे गेला. लग्नाला चाळीस वर्षं झालेली बाई नव्या नवरीसारखी लाजली. साळुबाई म्हणाली की घ्या आत्याबाई, एवढी पुण्याची बाई इचारतीया तर घ्या. मग प्रयागबाईंनी घसा खाकरला.

"आण्याच्या पठारावर बाजरीची रास, हौशीरामरावांचं नाव घेते फोनवाल्या बाईसाठी खास."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाईसुद्धा खूश होऊन आता काहीतरी बोलेल म्हणून सगळ्या फोनकडे वाकल्या. बाई बोलली. तितक्याच मऊ आवाजात ती म्हणाली, "हे नाव आमच्या यादीत नाही. कृपया दुसरं नाव घ्या."

प्रयागबाईंनी फोन उलटा करून पाहिला. मग म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली, बाई. आता दुसरं कुठनं आणू?"

साळुबाईला राग आला. तिने फोन ओढून घेतला आणि ठणकावून म्हटलं, "लाइट गेली, मोटर थांबली, पाणी राहिलं पाटात, सयाजीरावांचं नाव घेते बायकांच्या थाटात." तरी बाईचं म्हणणं तेच, दुसरं नाव घ्या. मग ओट्यावरच्या सगळ्याजणींनी आपापलं नाव घेऊन पाहिलं. सहा बायका, सहा नवरे, आणि यादीत एकही नाही. प्रत्येकीला दुसऱ्याचं नाव घ्यायचा सल्ला. सातवी द्वारकाबाई विधवा होती, ती म्हणाली, बरं झालं, माझ्या मागची कटकट गेली.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट अख्ख्या गावात झाली, आणि तिथून खरी पंचाईत सुरू झाली. बायकांना दुखलं ते 'दुसरं नाव' हे शब्द. पुरुषांनी त्यातला वेगळाच शब्द उचलला. यादी. हौशीराम शेतातून आले, पाय धुतले, आणि बायकोने सांगितल्यावर तसेच ओल्या पायांनी उभे राहिले. त्यांनी आयुष्यात दुष्काळाची यादी पाहिली होती, रॉकेलची पाहिली होती, घरकुलाची पाहिली होती. एकदा मतदारयादीत त्यांचं नाव 'हौसाबाई' असं लागलं होतं आणि दोन निवडणुका त्यांना मतदान करता आलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "कसली यादी व्हती, इचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. त्यामुळे ज्याला जी पाहिजे ती यादी त्याने त्यात बसवली. कुणी म्हणालं गॅसची, कुणी म्हणालं कांद्याच्या नुकसानीची. खंडूबाबा नावाचे एक वारकरी म्हातारे होते, त्यांनी नाव घ्या म्हटल्यावर हात जोडून देवाचं नाव घेतलं होतं. बाईने त्यांनाही तेच सांगितलं. खंडूबाबा म्हणाले, ज्या यादीत देव न्हाई तिथं आपली काय गत.

मग सगळेच फोन लावायला लागले. बायकांना वाटलं उखाण्यात खोट असेल, म्हणून त्या नवीन नवीन जुळवून लावायच्या. पुरुष आपलं नाव लागलं का ते बघायला बायकोला दिवसातून चार वेळा लावायला लावायचे. पाहुण्यारावळ्यांतून हे आण्याला गेलं, आण्याहून राजुरीला गेलं. घाटघरला फोनला रेंज नाही, तर तिथली मंडळी बायकांना घेऊन डोंगराच्या सोंडेवर जाऊन वाऱ्यात उखाणे घ्यायला लागली. नारायणगावच्या ऑफिसात प्रबुद्धच्या कॉम्प्युटरवर रोज चाळीस फोनांची रेघ होती, ती आठवड्यात दोनशेवर गेली, मग नऊशेवर, मग एकोणीसशेवर. प्रबुद्धला वाटलं, मान गये, आपण खरंच इंटरफेस सुधारला. त्याने ज्योत्स्नाला मेसेज केला की गुरुजींना सांग, काम होतंय. प्राची मॅडमनी त्या रेघेचा फोटो सगळ्या कंपनीला पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिस उघडायला आला तेव्हा जिन्यात अकरा माणसं बसलेली होती. सगळ्यात पुढे हौशीराम. त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत रेशनकार्डाची झेरॉक्स, दोन फोटो आणि रहिवासी दाखला.

"साहेब, माझं नाव यादीत का न्हाई?" त्यांनी विचारलं.

प्रबुद्धने विचारलं, कुठल्या यादीत. हौशीराम म्हणाले, ते तुमी सांगायचं. बराच वेळ दोघांचं असंच चाललं. शेवटी प्रबुद्धने पहिल्यांदाच मशीनवरचे आवाज लावून ऐकले. महादेवाच्या पिंडीवर बेलाचं पान. गव्हाचं पोतं सुतळीने शिवलं. द्राक्षाच्या बागेत पाखरांचा थवा. एकामागून एक चाळीस-पन्नास उखाणे त्याच्या कानात शिरले, आणि दर उखाण्यानंतर प्राची मॅडमचा तो मऊ आवाज. त्याने कॉम्प्युटरचा आवाज बंद केला.

त्याने हौशीरामना सगळं समजावून सांगितलं, की काका, ही गायकांची यादी आहे, आम्हाला गायकाचं नाव पाहिजे होतं.

"मंग तसं म्हणायचं ना, भाऊ."

"पाच सेकंदात बसत नव्हतं."

हौशीराम म्हणाले, "पाच सेकंद वाचवायला तुमी माझ्या बायकूला दुसरं नाव घ्याय सांगितलं व्हय?"

 इंटरफेस सुधारणा अधिकाऱ्याने तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला आणि मनाचा हिय्या करून खरं ते सांगून टाकलं. मॅडम, आपल्याकडे एकही माणूस गाणी ऐकत नाहीये. बायका उखाणे घेतायत. वाक्य बदलून 'गायकाचं नाव सांगा' करू या.

 मॅडमनी विचारलं, "एक उखाणा किती सेकंद चालतो?"

"वीस-बावीस."

"म्हणजे अकराव्या सेकंदाला कुणी ठेवत नाहीये." मॅडमचा आवाज एकदम उजळला. त्यांनी बजावलं की वाक्याला हात लावायचा नाही, रेघ खाली आली तर तुझं तू बघ. युजरला यादीत नाव पाहिजे आहे ना, मग युजरला यादीत घे.

आता नाव यादीत घ्यायचं तर मशीनला त्या नावापुढे एक गाणं लागत होतं. नुसतं नाव ते घेत नव्हतं. प्रबुद्धने भीत भीत हौशीरामना विचारलं की गाणं म्हणाल का. म्हातारा आधी चिडला, मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, गाणं म्हणल्यावर नाव लागतंय? प्रबुद्ध हो म्हणाला. तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि शेताला पाणी देताना म्हणायचे ते स्वतःचं गाणं म्हटलं:

"धर रं पाण्या वाफ्याची वाट, रोपं बघत्यात तुझीच वाट."

आवाज खरखरीत होता, पण सुरात होता. जिन्यातली दहा माणसं दारात येऊन उभी राहिली. गाणं संपल्यावर हौशीरामनी टोपी घातली आणि पिशवी पुढे केली. प्रबुद्ध म्हणणार होता की कागद लागत नाहीत. पण त्या प्लास्टिकला दोन रबरं लावलेली पाहून त्याच्याच्याने बोलवेना. त्याने झेरॉक्स आणि फोटो ठेवून घेतले. कागद घेतल्यावर म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते गाण्याने काही आलं नव्हतं. तेव्हापासून तो नियमच झाला.

त्या संध्याकाळी प्रयागबाईंनी पुन्हा तोच उखाणा घेतला. बाई म्हणाली, "धन्यवाद. ऐका, हौशीराम." आणि फोनमधून नवऱ्याचा आवाज आला. प्रयागबाईंनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं, मग पुन्हा नंबर लावला, पुन्हा नाव घेतलं, पुन्हा ऐकलं. साळुबाईला म्हणाल्या, "चाळीस वर्सं हे माणूस पिकाला पाण्याचं बारं देतंय. मी बांधावर भाकर ठिवून मागं फिरायची. गातंय हे मला कुणी सांगितलंच न्हाई." आणि डोळ्याला पदर लावला. हौशीराम गोठ्यात उगाच म्हशीचं दावं सोडत-बांधत होते.

यानंतर काय झालं ते सांगायलाच नको. जिन्यातली रांग बी-बियाण्याच्या दुकानापुढून वळून बसस्टँडकडे गेली. प्रत्येक बाईने नवऱ्याला सांगितलं होतं की शेजारणीच्या ह्यांचं नाव लागलं, तुमचं कधी लागणार. गाणं न येणारे आरत्या म्हणून गेले, एकाने ऊसतोडीचे आकडे चालीवर म्हटले, एकाने मुलाची पाढ्यांची पाटी गाऊन दाखवली. निमगावच्या सयाजीने गायला टाळाटाळ केली, तेवढ्यात आण्याचा दुसराच सयाजी येऊन गाऊन गेला. मग साळुबाईने नाव घेतलं की तो आण्याचा सयाजी गायला लागायचा, आणि तो गायचाही बरा. साळुबाई दिवसातून तीन-तीनदा नाव घेते म्हटल्यावर तिचा सयाजी तिसऱ्या दिवशी सकाळी सातलाच ऑफिसच्या जिन्यात येऊन बसला. तेव्हापासून नावापुढे गावही लागू लागलं.

आणि पुण्याहून जोडणी झाल्यावर ज्यांचं जमलं नाही त्यांचे फोन तीन वेळा प्रयत्न करून प्रतिनिधीकडे, म्हणजे प्रबुद्धकडे यायचे. जेवताना, गाडीवर, न्हाणीघरात, कुठेही फोन वाजला की तो पाठ केल्यासारखं म्हणायचा, नमस्कार, स्वरधारा, काळजी करू नका ताई, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन या. द्रौपदाबाई सांगायच्या की पोरगं झोपेतसुद्धा झेरॉक्स मागतंय.

मार्चअखेर यादीत मूळचे दोनशे अकरा गायक होते, ज्यांना कुणी एकदाही विचारलं नव्हतं, आणि सहाशे चौदा नवरे होते. मॅडमनी पुण्यात मोठ्या सभेत सांगितलं की हा स्थानिक कलाकारांना व्यासपीठ देण्याचा आमचा प्रयोग पहिल्यापासून ठरलेलाच होता. मग प्रबुद्धला फोन केला. कायम होणाऱ्यांच्या यादीवर सही झाली, पत्र टपालात पडलंय.

प्रबुद्ध त्याच पावली घोडेगावला गेला. गुरुजींनी चष्म्यावरून बघत विचारलं, "नाव लागलं?"

"लागलं, गुरुजी."

पत्र हातात नव्हतं म्हणून गुरुजींनी दोन दिवस विचार केला. मग ज्योत्स्नाने घरात काय बोलणं केलं कोण जाणे, येत्या रविवारचा साखरपुडा ठरला.

रविवारी गुरुजींच्या दारात मांडव पडला. आण्याहून द्रौपदाबाई आणि भावकी आली. हौशीराम आणि प्रयागबाईंना प्रबुद्धने मुद्दाम बोलावलं होतं. बुद्धवंदना झाली, अंगठ्या झाल्या. प्रबुद्ध नव्या सुटात घामाघूम होऊन बसला होता, पण इतका आनंदात होता की घाम कुणी पुसला असता तर त्यालाही धन्यवाद म्हणाला असता. तेवढ्यात गुरुजींची बहीण बयाबाई माइक घेऊन उठली. म्हणाली, पोरीनं नाव घ्यावं. आणि साधं न्हाई, जावयाच्या कंपनीच्या फोनवर घ्यावं, सगळ्या मांडवाला ऐकू द्या.

मांडवाने ती कल्पना उचलून धरली. ज्योत्स्नाने नंबर लावला आणि फोन माइकजवळ धरला. प्रबुद्ध कौतुकाने बघत होता. घंटी वाजायला लागल्यावर त्याच्या डोक्यात काहीतरी चमकलं आणि तो अर्धवट उठलासुद्धा, पण तोवर कर्ण्यातून आवाज आला होता.

"नमस्कार. नाव घ्या."

ज्योत्स्नाने पदर सावरला. "घाटघरच्या डोंगरावर मिळत नाही रेंज, प्रबुद्धरावांचं नाव घेते, करणार नाही चेंज."

काय टाळ्या पडल्या म्हणता. त्या थांबताहेत तोच प्राची मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, "हे नाव आमच्या यादीत नाही. कृपया दुसरं नाव घ्या."

कर्णा नवा होता. बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं.

सहाशे चौदा नवऱ्यांची नावं प्रबुद्धने स्वतःच्या हाताने यादीत घातली होती. स्वतःचं तेवढं घालायचं राहिलं होतं.  गुरुजी सावकाश उठून उभे राहिले.

"तुम्ही तर लागलं म्हणाला होतात."

"गुरुजी, ती यादी वेगळी," प्रबुद्ध कसाबसा म्हणाला. "ही वेगळी आहे."

"सहा वर्षं मला हेच सांगत होते," गुरुजी म्हणाले.

हौशीराम मागून उठले आणि म्हणाले, गुरुजी, बसा, मलाबी आधी यादीभाईर काढलं व्हतं. पण गुरुजी बसेनात. द्रौपदाबाईंनी मान खाली घातली. फोन अजून चालूच होता. ज्योत्स्नाने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा प्रबुद्धकडे पाहिलं, आणि तोच उखाणा पुन्हा घेतला. 'करणार नाही चेंज' यावर जरा जोर दिला. बाईने पुन्हा दुसरं नाव मागितलं. ज्योत्स्नाने तिसऱ्यांदा घेतला, या वेळी चाल न लावता, दातओठ खाऊन. बाई म्हणाली, आपला कॉल प्रतिनिधीकडे देत आहोत.

प्रबुद्धच्या नव्या सुटाच्या खिशात फोन वाजला.

महिनाभराची सवय. फोन वाजला, हात खिशात गेला, आणि डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडले. तो बोलत होता सहा हातांवरून, आणि त्याचा आवाज येत होता कर्ण्यातून.

"नमस्कार, स्वरधारा. काय मदत करू?"

ज्योत्स्ना त्याच्याकडे बघत फोनमध्ये म्हणाली, "माझ्या होणाऱ्या नवऱ्याचं नाव यादीत नाही."

"काळजी करू नका ताई, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन या."

"रेशनकार्ड अजून वेगळं व्हायचंय," ज्योत्स्ना म्हणाली. "त्याच्यासाठीच तर मांडव घातलाय. आणि मला ताई म्हणू नका."

पहिल्यांदा प्रयागबाई हसल्या. मग बयाबाई हसली, मग द्रौपदाबाईंनी तोंडाला पदर लावला, आणि मग सगळा मांडव हसायला लागला. प्रबुद्ध फोन कानाला धरून तसाच उभा होता, ठेवायचं त्याला सुचेना. गुरुजी एकटेच हसत नव्हते. ते पोरीकडे बघत होते. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, आणि खाली बसले.

"वेगळं कार्ड काढायचं तर आधी माझ्या कार्डातलं तिचं नाव कमी करावं लागतं," ते बयाबाईला म्हणाले. "यादीत नाव लागावं म्हणून सहा वर्षं हेलपाटे घातले. आता कमी करायला मीच एक घालतो. उद्या तहसीलात जाऊन येईन. पेढे फिरव."